नाल्यापलीकडचे उंदीर

घरात उंदीर शिरला की माणसाचं शहाणपण किती दिवस टिकतं, हे ज्याचं त्यानं आठवून पाहावं. अच्युत गुरुजींचं तीन दिवस टिकलं.

सिंदी रेल्वेला स्टेशनापासून थोड्या अंतरावरच्या एका गल्लीत गुरुजी भाड्यानं राहत. घरात पत्नी प्रमोदिनी आणि आई इंदिराबाई. गुरुजी हायस्कूलमध्ये इतिहास आणि नागरिकशास्त्र शिकवायचे. साल एकोणऐंशी, महिना जानेवारीचा. खरेदी केंद्रावर गाड्यांचा नंबर लागत नव्हता, म्हणून शेजारीच राहणाऱ्या घरमालक वासुदेवरावांनी वेचून आलेला सगळा कापूस पुढच्या मोठ्या खोलीत आढ्यापर्यंत भरून ठेवला होता. ती खोली आणि गुरुजींचं स्वयंपाकघर यांच्यामध्ये एकच भिंत, आणि तीही मातीची.

पहिल्या दिवशी साबणाची वडी गेली. गुरुजी हसले. दुसऱ्या दिवशी प्रमोदिनीनं विणायला घेतलेल्या स्वेटरची लोकर गेली. गुरुजी म्हणाले, "थंडी त्यालाही वाजते." तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी चाचणी परीक्षेच्या उत्तरपत्रिकांचा गठ्ठा सोडला आणि मटकन खालीच बसले. नववी 'ब'च्या अकरा मुलांचे पेपर कडेनं कुरतडलेले. एका मुलाचं उत्तर 'नागरिकाचे पहिले कर्तव्य म्हणजे' इथपर्यंत होतं. पुढचं उंदरानं खाल्लं होतं.

मग मात्र घरात युद्ध सुरू झालं. प्रमोदिनी पदर खोचून खराटा घेऊन चुलीमागे, गुरुजी छत्री घेऊन कपाटापाशी. डबे पडले, पाण्याचा माठ फुटला, आणि उंदीर दोघांच्या मधून सरळ भिंतीतल्या भोकात गेला. त्याच संध्याकाळी गुरुजींनी बाजारातून तारेचा पिंजरा आणला. आत भाकरीचा तुकडा तेलात बुडवून अडकवला. दुसऱ्या दिवशी सकाळी पिंजऱ्याचं दार पडलेलं होतं आणि आत एक करडा, गुबगुबीत उंदीर मिशा हलवत बसला होता.

"सापडला!" प्रमोदिनी ओरडली. गल्लीतल्या चार बाया पाहायला आल्या.

गुरुजींनी पाण्याची बादली पुढं ओढली, तोच इंदिराबाई देवघरातून उठून आल्या.

"मारायचा नाही, अच्युत. मी दर चतुर्थीला केळझरच्या गणपतीला जाते. ज्याच्या पायाशी डोकं ठेवते त्याचं वाहन माझ्या घरात बुडवून मारायचं, हे मला चालणार नाही."

"मग काय करू आई? घरात पाळू?"

"लांब नेऊन सोड."

गुरुजींनी पिंजरा सायकलच्या हँडलला अडकवला, नाला ओलांडला, आणि पलीकडे पऱ्हाटीच्या, म्हणजे कापसाच्या वाळक्या काड्यांच्या, ढिगांपाशी पिंजऱ्याचं दार उघडलं. उंदीर विजेसारखा पळाला. गुरुजींना फार हलकं वाटलं. जीव मारला नाही, उरलेले पेपरही वाचले, आईचं मनही राहिलं.

वाचकहो, इथंच जर ही गोष्ट संपली असती तर सांगण्यासारखं काही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुसरा सापडला, तिसऱ्या दिवशी दोन. शेजारचे नरहरपंत रेल्वेत बुकिंग क्लार्क होते. त्यांनीही पिंजरा आणला. "गुरुजी, तुम्ही जाताच आहात तर आमचाही घेऊन जा." आठवड्यात गल्लीतल्या पाच घरांत पिंजरे झाले. रोज सकाळी सातच्या सुमारास गुरुजींच्या सायकलला एखाद-दुसरा, कधी तीन-चार पिंजरे लटकायचे. लोक दारात उभं राहून विचारायचे, "आज किती?" शाळेत मास्तर लोक विचारायचे, "काल किती?" गुरुजी अगदी उत्साहानं आकडा सांगायचे. जानेवारीच्या अखेरीस आकडा विसाच्या पुढं गेला होता. घरातली खुडबूड काही थांबत नव्हती, पण रोज काहीतरी सापडतंय यातच सगळी गल्ली खूश होती.

प्रमोदिनीकडे गहू-तूर निवडायला रुख्माबाई यायची. पन्नाशीची, काटक, बोलायला रोखठोक. हंगामात ती वासुदेवरावांच्या शेतात कापूस वेचायची, आणि वेचणी नसेल त्या दिवशी गल्लीतल्या दोन-तीन घरांत धान्य निवडून द्यायची. फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात ती तीन दिवस आलीच नाही. चौथ्या दिवशी सकाळी आली ती दारातच बसली. सूप हातात घेतलं नाही.

"काय झालं रुख्माबाई? बरं नाही का?" प्रमोदिनीनं विचारलं.

"मले काय धाड भरते बाई. माही जयवंता बाळंतपणाले आली ना. लेकरू नऊ दिवसाचं. तीन दिवस झाले, भर दुपारी त्याच्या पायाचा अंगठा उंदरानं कुरतडला. पोरगी पाणी आणाले गेलती, एवढ्यात. लेकरू निळं पडस्तोवर रडून राह्यलं होतं."

प्रमोदिनीच्या हातातलं भांडं तसंच राहिलं.

"दवाखान्यात नेलं का?"

"नेलं जी. पॅशिंजरनं वर्ध्याले नेलं. डागदरानं सुई दिली, पट्टी बांधली. वाचलं लेकरू. पण पोरगी झोपतच नाई. काठी घेऊन बसून राह्यते लेकराजवळ. डोळा लागला की दचकून उठते. दूधच येत नाई आता तिले." रुख्माबाईनं पदरानं तोंड पुसलं. "यंदा एवढे उंदरं कुठून आले, मले तेच समजत नाई. आमच्या घरात खायले काय हाय त्याईले? आमचीच ज्वारी चार पायल्या. पयले एखांदा दिसे. आता दिवसाढवळ्या फिरून राह्यले, आन् कसे? गुबगुबीत."

नेमके त्याच वेळी गुरुजी आतल्या खोलीतून बाहेर आले. उजव्या हातात पिंजरा. पिंजऱ्यात उंदीर.

रुख्माबाईनं पिंजऱ्याकडे पाहिलं.

"हे कुठं नेऊन राह्यले गुरुजी?"

गुरुजींनी सगळं ऐकलं होतं. त्यांनी पिंजरा पाठीमागे धरला. "हे... हे असंच. लांब. मळ्याच्या बाजूला."

पोरांना सत्य, कर्तव्य असे शब्द फळ्यावर लिहून देणारा माणूस एका क्षणात खोटं बोलला. आणि ते खोटं पचलंही असतं. रुख्माबाई उठून गेली असती, गुरुजींनी दुसरी जागा शोधली असती. पण प्रमोदिनी मध्ये उभी राहिली.

"नाही रुख्माबाई. मळ्याकडे नाही. हे नाल्यापलीकडे नेतात. तुमच्या वस्तीच्या बाजूला. आमच्याही घरचे आणि सगळ्या गल्लीचे. महिन्याभरापासून."

पिंजऱ्यातला उंदीर तारेला दात लावत होता, तेवढाच आवाज.

"किती?" रुख्माबाईनं विचारलं.

"सव्वीस," गुरुजी म्हणाले. आज पहिल्यांदा तो आकडा सांगताना त्यांची मान खाली होती. "मला वाटलं, तिकडे पऱ्हाटीच्या ढिगांपाशी मोकळी जागा आहे."

"मोकळी?" रुख्माबाई उठून उभी राहिली. तिचा आवाज चढला नाही, उलट खाली आला. "सतरा घरं हायत गुरुजी. सतरा चुली जळते तिथं. आमच्या पऱ्हाटीच्या ढिगापासून माह्या दारापोवतर वीस पावलं नाईत. तुम्ही रोज सायकलीवर आले, आन् तुम्हाले एकही घर दिसलं नाई?"

"मी जीव मारायचा नाही म्हणून..."

"जीव मारू नका, बरोबर हाय. पण तुमच्या घरातला जीव जपायचा आन् माह्या घरातल्या लेकराचा अंगठा जाऊ द्यायचा, हे कोणतं पुण्य? मले उंदराचा राग नाई जी. त्याले अक्कल नाई, भूक हाय. मले राग या गोष्टीचा हाय का तुमची पिडा तुम्ही उचलली आन् जिथं तुम्हाले माणसंच दिसत नाई तिथं नेऊन टाकली. आज उंदीर हाय. उद्या तुमचा कचरा येईन, परवा मेलेलं जनावर येईन. येऊनच राह्यलं हाय."

ती निघून गेली. प्रमोदिनी तिच्यामागे दोन पावलं गेली आणि थांबली.

देवघराच्या दारात इंदिराबाई उभ्या होत्या. "अच्युत," त्या म्हणाल्या, "मी लांब सोड म्हटलं होतं. लांब म्हणजे कुठं, हे मी विचारलंच नाही. एवढी वर्षं देव देव केलं आणि एवढं साधं मला सुचलं नाही."

त्या दिवशी गुरुजींनी शाळेत रजेचा अर्ज पाठवला. पिंजऱ्यातल्या उंदराचा त्यांनी स्वतःच्या अंगणात, स्वतःच्या हातानं निकाल लावला. इंदिराबाई आत जाऊन बसल्या, पण त्यांनी अडवलं नाही. मग तिघंही नाला ओलांडून वस्तीत गेले. गुरुजी रोज जिथून सायकल वळवायचे त्याच्या थोडंसंच पुढं पहिलं घर होतं.

कुडाच्या भिंती, वर कवेलूचं छप्पर. जयवंता बाजेवर भिंतीला टेकून बसली होती, मांडीवर लेकरू, हाताशी काठी. वय असेल वीस-एकवीस. डोळे सुजलेले. लेकराच्या पायाला पट्टी. गुरुजींना पाहून तिनं उठायचा प्रयत्न केला. इंदिराबाई चटकन पुढं झाल्या, तिच्या खांद्यावर हात ठेवून तिला खाली बसवलं आणि स्वतः बाजेच्या कोपऱ्यावर बसल्या. जन्मात पहिल्यांदा त्या या वस्तीत आल्या होत्या.

रुख्माबाईचा नवरा तानबा अंगणात उभा होता. गुरुजींनी त्याच्यापुढं हात जोडले. "तानबा, चूक माझी आहे. मला माफ कर."

तानबा कमी बोलणारा माणूस. "माफी घेऊन काय करू गुरुजी? तेनं बिळं बुजतीन का? हात लावत असान तं सांगा."

"लावतो," गुरुजी म्हणाले. "काय करायचं ते तू सांग."

तानबानं त्यांना सगळी वस्ती दाखवली. भिंतींच्या बुडाशी बिळं होती. पऱ्हाटीचे ढीग घरांना लागून होते. धान्य उघड्या कणग्यांत होतं. मग तो म्हणाला, "इथलं बुजवलं तरी तुमच्या इकडून येतीन. तुमच्या गल्लीचं मूळ कुठं हाय, मालूम हाय ना? मालकाच्या कापसाच्या खोलीत. कापूस भरला तवा मीच आतमधी होतो. खाली जुनी सरकी तशीच पडून हाय."

गुरुजींच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. महिनाभर ते एकेक उंदीर मोजत होते, आणि भिंतीपलीकडे त्यांचा कारखाना चालू होता.

दुपारीच ते वासुदेवरावांकडे गेले. सोबत रुख्माबाईही आली. वासुदेवराव ओसरीत बंगईवर झोके घेत बसले होते. गुरुजींनी सगळं सांगितलं आणि म्हणाले, "कापूस एक दिवस हलवावा लागेल."

"कापूस हलवा?" वासुदेवरावांनी बंगई थांबवली. "तुम्हाले मालूम हाय का किती कापूस हाय तो? आन् कापसात उंदरं नाई राह्यतीन तं कुठं राह्यतीन? घर पसंत नसन तं सोडा ना गुरुजी. कोणी धरून ठेवलं तुम्हाले?"

सिंदीत दुसरं घर मिळणं सोपं नव्हतं. क्षणभर त्यांना वाटलं, बोललो तेवढं पुरे. मग बाजेवरची ती मुलगी डोळ्यांपुढं आली.

"घर सोडायला सांगितलंत तर सोडेन," ते म्हणाले, "पण उंदीर तर इथंच राहतील ना? आज रुख्माबाईचं नातवंड आहे. उद्या तुमच्या घरात पाळणा हलेल."

रुख्माबाई पायरीशी उभी होती. "मालक," ती म्हणाली, "हा कापूस म्या वेचला. बोटं फाटली माही वेचता वेचता. तुमचा एक बोंडाएवढा कापूस खराब होऊ देणार नाई. आमची सतरा घरचे माणसं येतीन. मजुरी मांगत नाई. फक्त दार उघडा."

वासुदेवराव काही बोलणार एवढ्यात आतून त्यांची पत्नी विमलाबाई बाहेर आली. "काऊन अडून राह्यले तुम्ही? माह्या चार गाद्या फाडल्या त्याईनं. लाडवाच्या डब्यात लेंड्या भेटल्या मले. लाजेनं म्या कोणाले सांगतलं नाई." मग गुरुजींकडे वळून ती म्हणाली, "रविवारी या जी. चावी माह्यापाशी हाय."

शनिवारी संध्याकाळी गल्ली नरहरपंतांच्या ओट्यावर जमली. रविवारी मोहीम, हे सगळ्यांना पटलं. पण गुरुजी म्हणाले, "सुरुवात नाल्यापलीकडून," तशी कुजबूज झाली.

"गुरुजी, आपली घरं सोडून आधी तिकडे?" नरहरपंतांनी विचारलं. "ते लोक आपलं आपलं करतील की."

"नरहरपंत, सव्वीस उंदीर मी तिकडे नेऊन सोडले. त्यातले नऊ तुमचे होते. तुमच्या घरचं पत्र चुकून शेजाऱ्याकडे गेलं तर तुम्ही स्वतः जाऊन आणता. मग हे का नाही?"

नरहरपंतांनी ओट्यावरून उतरून चपला पायात सरकवल्या. मग म्हणाले, "रेल्वेच्या कामाची उरलेली खडी पडलेली आहे यार्डाबाहेर. स्टेशनमास्तरांना विचारून दहा-बारा टोपल्या आणतो."

आणि उजाडला तो रविवार! सकाळी साडेसहाला गल्लीतली माणसं फावडी, घमेली, फुटक्या काचांच्या पोत्यासकट नाल्यापलीकडे हजर. प्रत्येक बिळात आधी काच, मग खडी, वरून सिमेंट. घराला लागलेले पऱ्हाटीचे ढीग उचलून पन्नास पावलांवर नेले. हायस्कूलचे गुरुजी डोक्यावर पऱ्हाटीची मोळी घेऊन धावत होते आणि बायका पदर तोंडाला लावून हसत होत्या. प्रमोदिनीनं गल्लीतून झाकणाचे टिनाचे पिपे गोळा केले होते. घरोघरी ज्वारी त्यात गेली. इंदिराबाईंनी आपला पितळी डबा जयवंताच्या चुलीजवळ ठेवला. दहा वाजेपर्यंत सतरा घरं झाली.

मग सगळे मिळून इकडे. आता वस्तीतली माणसंही सोबत होती. गल्लीतली घरं एकामागून एक झाली आणि दुपारी विमलाबाईनं कापसाच्या खोलीचं कुलूप काढलं. तानबा वर चढला. गाठोड्यामागून गाठोडं, हातातून हातात, कापूस बाहेर येऊ लागला. अंगणात गोणपाटाच्या मोठ्या चवाळ्यांवर पांढरा डोंगर उभा राहिला. वासुदेवराव सुरुवातीला ओसरीतूनच पाहत होते. अर्ध्या तासानं तेही धोतर खोचून रांगेत उभे राहिले.

शेवटचा थर राहिला. आतून चूं-चूं ऐकू येत होती.

"दार आवळा," तानबा म्हणाला. "काठ्या घ्या."

त्यानं फावड्यानं सरकीचा ढीग उलटला आणि जमीनच हलल्यासारखी झाली. उंदीरच उंदीर! कोणी इकडे, कोणी तिकडे. नरहरपंत एका उडीत खिडकीवर चढले. विमलाबाईनं खराट्यानं तीन आडवे केले. वासुदेवराव "तो गेला, तो गेला" करत स्वतःच्याच पायावर काठी मारून घेत होते. गुरुजींच्या घराच्या भिंतीत हात जाईल एवढं भगदाड निघालं. प्रमोदिनी पलीकडच्या बाजूनं त्यावर पत्रा दाबून उभी राहिली आणि शेवटपर्यंत हलली नाही. घटकाभरात सगळं शांत झालं. माणसं घामानं निथळत, कापसाच्या तंतूंनी पांढरी होऊन एकमेकांकडे पाहत राहिली, आणि मग सगळ्यांना एकदमच हसू फुटलं.

इंदिराबाई बाहेर चवाळ्याच्या कडेला बसून होत्या. गुरुजी त्यांच्याजवळ आले. "आई, तुला वाईट वाटलं असेल."

"वाटलं," त्या म्हणाल्या. "त्यांचाही जीवच होता. पण आपण वेळेवर भोकं बुजवली असती, सरकी झाडली असती, तर एवढे वाढले नसते आणि मारावेही लागले नसते. आपला आळस मी दयेच्या नावानं झाकत होते रे."

संध्याकाळपर्यंत खोली झाडून, सारवून झाली. विटांवर फळ्या टाकून कापूस जमिनीपासून हातभर उंच रचला. आणि नरहरपंतांच्या ओट्यावर सगळ्यांनी मिळून ठरवलं: ज्याच्या घरात उंदीर सापडेल, त्याचा निकाल त्यानंच आपल्या घरी लावायचा. दुसऱ्याच्या दारात काहीही सोडायचं नाही. दर महिन्याला घराच्या भिंती पाहायच्या. या बैठकीत तानबा आणि रुख्माबाईही ओट्यावर बसले होते. याआधी ते त्या ओट्यासमोर उभे राहून बोलायचे.

पुढच्या रविवारी जयवंताच्या लेकराचं बारसं होतं. दवाखान्यामुळे ते लांबलं होतं. दुपारी गल्लीतल्या बाया गेल्या तर पाळण्यापाशी रुख्माबाई ओठांवर बोट ठेवून उभी. बाजेवर जयवंता गाढ झोपली होती, तोंड थोडं उघडं, एक हात खाली लोंबत. हाताशी काठी नव्हती. लेकरू इंदिराबाईंच्या मांडीवर होतं आणि त्या त्याच्या अंगठ्यावरच्या नव्या गुलाबी कातडीवरून बोट फिरवत होत्या.

"उठवू का तिले?" रुख्माबाईनं हळूच विचारलं. "मुहूर्त चालला."

"राहू दे," इंदिराबाई म्हणाल्या. "मुहूर्त पुन्हा काढता येईल."

वीस-पंचवीस बाया अंगणात आवाज न करता बसून राहिल्या. लेकराचं नाव तासभर उशिरा ठेवलं गेलं.

नागरिकहो, आपलं घर स्वच्छ ठेवायचं आणि घाण पलीकडे लोटून द्यायची, ही सवय आपल्यापैकी कितीतरी घरांत आहे. कचरा असो, सांडपाणी असो की उंदीर असो, ते हातातून सोडण्याआधी एकदा मान वर करून पाहा. ज्या जागेला आपण मोकळी म्हणतो, तिथं कोणाचं तरी लेकरू झोपलेलं असतं.